स्लीव्ह ऑपरेशननंतरचा पहिला महिना: वजनाच्या आधी पाणी

प्रश्न थोडक्यात असा: माझ्या धाकट्या बहिणीचं (वय ३४, ऑपरेशनच्या वेळी वजन ११८ किलो) पुण्यात दुर्बिणीतून स्लीव्हचं (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढण्याचं) ऑपरेशन होऊन १८ दिवस झाले. सध्या ती सांगलीजवळ आमच्या आईकडे आहे. पहिल्या १० दिवसांत ७ किलो कमी झाले, त्यानंतर काटा जागचा हललेला नाही. ३ दिवसांपासून उलट्या होतात, उठलं की चक्कर येते. प्रोटीन पावडरचा डबा उघडला तरी तिला मळमळतं. बीपी आणि शुगरच्या जुन्याच गोळ्या चालू आहेत. आई म्हणते, गावातल्या डॉक्टरांकडून दोन सलाईन लावून घेऊ आणि चार घास शिरा खाऊ दे, म्हणजे अंगात ताकद येईल. नातेवाइकांना आणि त्या डॉक्टरांनाही आम्ही पित्ताशयाचं ऑपरेशन झाल्याचं सांगितलं आहे. बहीण सारखी रडते, ‘कशाला केलं हे’ म्हणते. हे सगळं नॉर्मल आहे का?

उत्तर:

काही नॉर्मल आहे, काही अजिबात नाही. तुम्ही काट्याचं आधी लिहिलंत आणि उलट्यांचं नंतर. मी क्रम उलटा लावतो. वजन थांबलंय ते तूर्त सोडून द्या. सलग ३ दिवस उलट्या आणि उभं राहताच चक्कर हे मात्र घरी बसून बघत राहण्यासारखं नाही. आजच तिच्या सर्जनच्या टीमला फोन करा. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक ठिकाणी चोवीस तासांचा नंबर दिलेला असतो. फोन लावण्याआधी तिची नाडी, ताप आणि बीपी मोजून ठेवा, ग्लुकोमीटर असेल तर शुगरही, आणि कालपासून लघवीला किती वेळा गेली ते तिला विचारा. एवढं हातात असलं की पलीकडच्या माणसाला दोन मिनिटांत निर्णय घेता येतो. ‘तिला बरं वाटत नाहीये’ एवढंच सांगितलं तर त्यालाही अंदाज बांधता येत नाही.

आता सलाईन. आईंचा अंदाज अर्धा बरोबर आहे. बहिणीच्या अंगात पाणी कमी पडलंय हे जवळपास नक्की, आणि ते शिरेतून द्यावं लागेल अशी शक्यता बरीच आहे. पण आपल्याकडे सलाईन म्हणून जी बाटली लटकवतात तिच्यात नेमकं काय आहे हे कुणी विचारत नाही. बाटलीवर एनएस (नॉर्मल सलाईन) किंवा आरएल (रिंगर लॅक्टेट) असेल तर त्यात साखर नसते. डी-फाइव्ह (५ टक्के डेक्स्ट्रोज) किंवा डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेली सलाईन) असेल तर त्यात ग्लुकोज असतं. एरवी या फरकाने फारसं बिघडत नाही. बहिणीच्या बाबतीत बिघडू शकतं, आणि ते एकदा बिघडलं की नेहमी पूर्ण भरून येतं असं नाही.

कारण आहे थायामिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-१. शरीरात त्याचा साठा फार नसतो, साधारण २ ते ३ आठवडे पुरेल इतकाच. ऑपरेशनच्या आधीही यकृत आकसावं म्हणून आठवडा-दोन आठवडे कमी कॅलरीचा, पातळ आहार देतात. म्हणजे १८ वा दिवस कागदावर असला तरी तिचं खाणं महिनाभर तुटपुंजंच आहे, आणि त्यात ३ दिवसांच्या उलट्या. अशा वेळी ग्लुकोज थेट शिरेत गेलं की ते वापरण्यासाठी शरीर उरलंसुरलं थायामिन खर्च करतं आणि मेंदूला ते कमी पडतं. मग एकाचे दोन दिसणं, डोळ्यांची बुबुळं नीट न हलणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, असं सुरू होतं. याला वेर्निके एन्सेफॅलोपथी म्हणतात. वेळेत ओळखलं तर थायामिनच्या इंजेक्शनने चित्र झपाट्याने सुधारतं. उशीर झाला तर स्मरणशक्तीवर कायमचा परिणाम राहू शकतो. म्हणून वजनाच्या ऑपरेशननंतर उलट्या होणाऱ्या माणसाला आधी थायामिन, मग ग्लुकोज. हा क्रम पाळायचाच. डोस तिची टीम सांगेल, सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, शिरेतून. गावातले डॉक्टर हे आनंदाने करतील, इंजेक्शन स्वस्त आहे आणि सहज मिळतं. फक्त त्यांना ऑपरेशन कशाचं झालंय ते माहीत हवं.

आणि ते तुम्ही त्यांच्यापासून लपवलंय.

लपवण्यामागची भावना मला कळते. ‘जिम लावायची सोडून पोट कापून घेतलं’ हे ऐकायची कुणालाच हौस नसते. माझ्या ओपीडीतल्या कित्येक जणांनी घरी हर्नियाचं, पित्ताशयाचं नाहीतर गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन सांगितलेलं असतं. मावशी-काकूंना काय सांगायचं तो तुमचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. पण जो माणूस तिला सुई टोचणार आहे त्याला खरं सांगा. पित्ताशयाच्या थापेत आणखी एक गोम आहे. वजन भरभर उतरताना पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून तर ६ महिने अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडची गोळी देतात. उद्या तिला खरोखर खड्याची कळ आली आणि डॉक्टरांच्या डोक्यात ‘हिचं पित्ताशय काढलेलं आहे’ असं बसलेलं असेल, तर ते भलतीकडेच शोधत बसतील. एका जाड कागदावर मराठीत आणि इंग्रजीत लिहा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, सर्जनचा फोन, ‘ग्लुकोजआधी थायामिन’, ‘आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये’. तो कागद तिच्या पाकिटात राहू दे.

उलट्या कशामुळे होत असतील, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण शोध कसा घेतला जातो ते सांगतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, १०० ते १५० मिलिलिटरची. पहिल्या काही आठवड्यांत तिला आतून सूज असते, म्हणजे प्रत्यक्षात जागा त्याहूनही कमी. घाईने गिळलं, खाताखाता पाणी प्यायलं, किंवा पातळ आहाराच्या टप्प्यात कुणी प्रेमाने पोळीचा तुकडा भरवला, की घशाशी दाटून येतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि खाल्लेलं परत येतं. अशी उलटी घासाशी जोडलेली असते. दोन-तीन तास पोटाला विश्रांती दिली आणि घोट-घोट पाण्यावर आलं की थांबते. तिला नक्की काय आणि किती वेळात खाल्लं हे जरा खोदून विचारा. रागावून नको, रागावलं की लोक लपवतात.

पण घोटभर पाणीसुद्धा टिकत नसेल तर ते सवयीचं दुखणं नव्हे. नळीला जिथे बाक असतो तिथे ती आकसलेली किंवा पिळवटलेली असू शकते. एन्डोस्कोपी करून ते कळतं आणि बऱ्याचदा फुग्याने रुंद करता येतं, परत ऑपरेशन लागतंच असं नाही. दुसरी शक्यता स्टेपलच्या रेघेतून, म्हणजे जठर कापून जिथे पिनांनी बंद केलंय तिथून, गळतीची. ती नेहमी पहिल्या दोन-चार दिवसांतच होते असा समज आहे, पण स्लीव्हमध्ये घरी गेल्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही गळती उघडी पडते. प्रमाण कमी आहे, शंभरात एखादी किंवा त्याहूनही कमी, पण ज्याला होते त्याला टक्केवारीचा काय उपयोग? तिची पहिली खूण बहुतेकदा ताप किंवा पोटदुखी नसून नाडी असते. म्हणून मी वर नाडी मोजायला सांगितली. शांत पडून असताना ती मिनिटाला १२० च्या आसपास किंवा वर असेल, अथवा १०० च्या वर राहून जोडीला ताप, डाव्या खांद्यात कळ, दम लागणं किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं असेल, तर फोनची वाट पाहू नका, थेट सीटी स्कॅनची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा. सांगली-मिरजेत तशी हॉस्पिटलं आहेत, पुण्यापर्यंतचे पाच तास वाया घालवू नका. वाटेत सर्जनला फोनवर घ्या.

खांद्याचं थोडं स्पष्ट करतो, कारण त्यावरून फार घोळ होतो. ऑपरेशननंतर पहिले दोन-चार दिवस खांदा दुखतो तो पोट फुगवायला वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो गॅस छाती आणि पोटामधल्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात उमटते. चाललं-फिरलं की ती जाते. दोन आठवड्यांनी नव्याने सुरू झालेली डाव्या खांद्याची कळ मात्र ‘गॅसची’ म्हणून सोडून द्यायची नाही.

रक्ताच्या गुठळ्यांची भीतीही महिनाभर राहते. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक दम लागून छातीत टोचलं, तर ती इमर्जन्सी समजा. स्लीव्हनंतर क्वचित आतड्यांतून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत गुठळी होते. तेव्हा पोट नुसतं बोथट दुखत राहतं आणि सगळे ‘अॅसिडिटी असेल’ म्हणतात. शरीरातलं पाणी कमी होणं हे तिला खतपाणी घालणाऱ्या कारणांपैकी एक. पोटाच्या कातडीत द्यायची रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं डिस्चार्जच्या वेळी लिहून दिली असतील तर ती पुरी झाली का, तेही तपासा. अनेक घरांत दोन-तीन सुया फ्रिजमध्ये तशाच राहिलेल्या असतात.

आता चक्कर. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत खटकलेलं वाक्य म्हणजे ‘जुन्याच गोळ्या चालू आहेत’. ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांतच बीपी आणि शुगरची गरज बदलते, वजन उतरायची वाट बघत नाही. बीपीच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध असतं. जिच्या पोटात दिवसाला अर्धा लिटर पाणी टिकत नाही तिला ही गोळी देणं म्हणजे असलेलं पाणीही काढून घेणं. बसून आणि उभं राहून दोन मिनिटांनी, असं दोनदा बीपी मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा. शुगरच्या गोळीत ग्लिमेपिराइड असेल तर इतक्या कमी खाण्यावर शुगर धोकादायक खाली जाऊ शकते, ती चक्करही याच जातीची: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर मामला उलटा. शुगर नॉर्मल दिसते, तरी रक्तात आम्ल साचतं आणि त्यामुळेच उलट्या होतात. ग्लुकोमीटरवर १३०-१४० बघून सगळे निर्धास्त राहतात. मेटफॉर्मिनही इतक्या उलट्यांत बहुधा काही दिवस थांबवावी लागते. सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून टीमला पाठवा आणि प्रत्येक गोळीबद्दल चालू, बंद की अर्धी हे लिहून घ्या. थायरॉइडची गोळी असेल तर ती चालूच राहते.

हे मार्गी लागलं, उलट्या थांबल्या, की मग घरी करायचं काम सुरू होतं. ते म्हणजे पाणी. या ऑपरेशननंतर लोकांना परत भरती व्हावं लागतं ते बऱ्याचदा शरीरातलं पाणी कमी झाल्याने, आणि ते बहुतांशी टाळता येतं. अडचण अशी की पूर्वीसारखं तांब्याभर पाणी आता घटाघट पिता येत नाही, आणि तहानही नीट लागत नाही. तेव्हा घड्याळ लावून प्यायचं. औषध मोजायची ३० मिलिलिटरची छोटी मापाची वाटी घ्या. दर १० मिनिटांनी एक वाटी, तीही दोन-तीन घोटांत. तासाला १८० मिलिलिटर, दहा तासांत १ लिटर ८०० मिलिलिटर. एवढं झालं की दिवस जमला. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, चहासारखी गडद असेल तर कमी पडलंय. साधं पाणी नकोसं वाटत असेल तर गाळलेलं पातळ ताक, शहाळ्याचं पाणी, मीठ घातलेलं लिंबूपाणी, भाज्यांचं गाळलेलं सूप, साखर न घातलेलं कोकमाचं पाणी. उलट्यांनंतर एक-दोन दिवस ओआरएसही चालेल, घोटाघोटाने. सोडा, कोल्ड्रिंक, उसाचा रस, ग्लुकोजची पावडर नको. चहाबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं. पहिला महिना नको, त्यानंतर अर्धा कप, बिनसाखरेचा, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. इथे हुज्जत होणार हे मला ठाऊक आहे.

खाण्याच्या आधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. हा नियम जेवण सुरू झाल्यावर महत्त्वाचा, नुसत्या पातळ आहारात त्याची फिकीर नको.

प्रोटीनकडे वळतो. लक्ष्य दिवसाला किमान ६० ग्रॅम. पण तिसऱ्या आठवड्यात, त्यातून उलट्यांनंतर, ते लगेच गाठलंच पाहिजे म्हणून तिच्यामागे लागू नका. आधी पाणी पूर्ण होऊ दे. आपल्या घरांतला मोठा गैरसमज म्हणजे वरणाचं पाणी. ते पातळ म्हणून छान, चव म्हणून छान, पण त्यात प्रोटीन नावापुरतंच असतं. प्रोटीन खाली बसलेल्या डाळीत असतं, आणि घट्ट वरणाची अख्खी वाटी संपवली तरी ते ६ ग्रॅमच्या आसपास भरतं. पायाच्या सूपचंही तसंच; चरबी काढून गाळून दिलं तर घोट घ्यायला हरकत नाही, पण त्यातलं प्रोटीन हलक्या प्रतीचं. तेव्हा पहिले दोन-तीन महिने पावडर टाळता येत नाही, विशेषतः शाकाहारी घरात.

वासाचं असं करता येईल. गोड व्हॅनिला-चॉकलेट सोडून द्या, बिनस्वादाची व्हे आयसोलेट (दुधातून वेगळ्या काढलेल्या प्रोटीनची पावडर) आणा. दूध पचत नसेल तरी ती बहुतेकांना चालते. गार केली की वास खूप कमी होतो, आणि झाकणाच्या कपातून प्यायली की नाकापर्यंत कमी पोचतो. माझ्याकडच्या मराठी मंडळींना सर्वांत रुचतं ते जिऱ्याची पूड आणि मीठ घातलेल्या थंड ताकात अर्धा स्कूप. सूपमध्ये घालायची तर सूप कोमट हवं, कढत सूपमध्ये गुठळ्या होतात. अख्खा स्कूप एकदम नको, दिवसातून दोन-तीन वेळा विभागून. त्यातून २०-२५ ग्रॅम निघाले. ३०० मिलिलिटर सायीशिवायच्या दुधात दोन मोठे चमचे स्किम्ड मिल्क पावडर फेटली की १५ ग्रॅम. दही फडक्यात टांगून केलेला १०० ग्रॅम चक्का थोड्या ताकात सैल केला की आणखी ७-८. अंडं चालत असेल तर दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग सूपमध्ये मिक्सरमधून काढला की ७. राहिलेलं मऊ पनीर किंवा घोटलेली मूगडाळ भागवते.

१८ व्या दिवशी बऱ्याच ठिकाणी पातळ आहार संपून मिक्सरमधून काढलेल्या, घोटलेल्या पदार्थांचा टप्पा सुरू होतो. प्रत्येक सेंटरचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तुमच्या आहारतज्ज्ञांनी दिलेला कागदच प्रमाण माना. उलट्या झालेल्या माणसाला मी मात्र दोन-तीन दिवस मागच्या टप्प्यावर, म्हणजे पातळावर, परत नेतो. पोळी, पाव आणि भात हे तिघे शेवटी. पोळीचा लगदा होऊन अडकतो, भात आत जाऊन फुगतो. भाकरी कुस्करून आमटीत पूर्ण भिजवली तर सहाव्या-आठव्या आठवड्यात बऱ्याच जणांना पोळीपेक्षा बरी सोसते.

शिरा नको. साखर, तूप, रवा. प्रोटीन जवळपास नाही आणि मऊ असल्याने सहज उतरतो. हाच त्याचा खरा धोका, पुढेही. डिंकाचे लाडू, साबुदाण्याची खीर हीसुद्धा त्याच रांगेत. उपवास पहिले तीन-चार महिने तरी करू नयेत, निर्जळी तर नाहीच. पण आईंना नुसतं ‘नको’ म्हणून भागणार नाही. लेक आजारी आहे आणि आपण तिला काही खाऊ घालू शकत नाही, हे कुठल्याही आईला सहन होत नाही. त्यांच्या हातात घड्याळ आणि ती ३० मिलिलिटरची वाटी द्या. चक्का टांगणं, सूप गाळणं, दिवसाला किती वाट्या झाल्या ते वहीत मांडणं हे त्यांचं काम. आई अशी कामाला लागली की पेशंट सावरतो, हे मी वारंवार पाहिलंय.

वजनाचं आता. पहिल्या १० दिवसांतले ७ किलो बहुतांशी चरबी नव्हतीच. खाणं तुटलं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वापरतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, ते सगळं बाहेर पडतं आणि काटा धाडकन खाली येतो. मग शरीर थोडं पाणी परत धरून ठेवतं. आत चरबी जळत असते, पण काटा स्थिर. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हे इतक्या जणांना होतं की थांबला नाही तर मला नवल वाटतं. आठवडा ते तीन आठवडे चालतं. या काळात कमी खाऊन किंवा जास्त चालून काटा हलवायचा प्रयत्न करणं मूर्खपणाचं आहे. जातो तो स्नायू. स्लीव्हमध्ये साधारण वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षित असते. ११८ किलोला म्हणजे ३० ते ३५ किलो. वजन आठवड्यातून एकदा, एकाच वाराला, सकाळी. मधल्या दिवसांत काटा कपाटात.

रडण्याबद्दल. पहिल्या महिन्यात ‘कशाला केलं’ न म्हणणारा पेशंट मला विरळाच भेटतो. शरीर उपाशी, झोप अर्धवट, त्यात जेवण हा दिवसाचा आधार होता तो गेला. भूक वाढवणारं घ्रेलिन प्रामुख्याने जठराच्या काढून टाकलेल्या भागात बनतं, म्हणून पोटाला भूक नसते. पण घरात कांद्याची फोडणी पडली की मन मात्र जेवायला बसतं. याचा तिला धक्का बसतो, कारण ऑपरेशनने हेही जाईल असं तिला वाटलेलं असतं. जाणार नाही, निदान लगेच नाही. जेवणाच्या वेळी तिला चुलीपाशी बसवू नका, पण एकटीला खोलीतही ठेवू नका. अंगातलं पाणी भरून आलं की मूडही बऱ्यापैकी उचलतो, हे आवर्जून सांगतो. आधीपासून नैराश्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नये. जगण्यातच अर्थ वाटत नाही असं काही बोलू लागली तर मात्र ‘ऑपरेशननंतर असं होतंच’ म्हणून झटकू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

बाकीचं भराभर. चालणं: दर दोन तासांनी १० मिनिटं, घरातल्या घरात. पाण्याने भरलेली कळशी, सिलिंडर, भाचरं उचलणं महिना-दीड महिना बंद. ५-६ किलोच्या वर काही नाही. पोटाच्या पट्ट्याची दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर सहसा गरज नसते. बांधून बरं वाटत असेल तर बांधा, सैल. दुखलं तर पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लामसारख्या गोळ्यांत आयब्युप्रोफेन असतं, त्या नकोत. जठरात जखम होऊ शकते. तंबाखू आणि मिश्रीही त्याच कारणासाठी बंद, आणि मिश्रीची सवय बायका विचारल्याशिवाय सांगत नाहीत. जुलाब-बद्धकोष्ठ दोन्ही होऊ शकतं. बद्धकोष्ठाला या दिवसांत इसबगोल देऊ नका, कमी पाण्यात ते आतच फुगतं. लॅक्टुलोजसारखं पातळ औषध विचारून घ्या. अॅसिडिटीची गोळी साधारण तीन महिने चालते, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही. मल्टिव्हिटॅमिन, बी-१२, डी आणि कॅल्शियम सायट्रेट आयुष्यभराचे सोबती. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतील. मुळं शाबूत असतात, परत येतात.

एक गोष्ट तिला एकटीला विचारा, आईसमोर नको: पाळी कधी आली होती? लग्न झालेलं असेल, पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल, तर वजन उतरू लागताच बीजकोश जागे होतात, आणि ‘मला दिवस राहतच नाहीत’ अशी वर्षानुवर्षांची खात्री असलेल्यांना अनपेक्षितपणे राहतात. उलट्यांच्या कारणांत हेही तपासलं जातं, एका साध्या लघवीच्या चाचणीने. ऑपरेशननंतर किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची असते, आणि उलट्या होत असताना तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. तांबी किंवा दुसरा पर्याय याबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवावं, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नये.

टीमने पुण्याला बोलावलं तर गाडी दर तासाला थांबवा आणि तिला पाच मिनिटं चालवा, पाण्याची वाटी वाटेतही चालू राहू दे. गोळ्यांची पाकिटं, डिस्चार्ज कार्ड आणि आईंची ती वही सोबत न्या.